तपासाचे तास कोणाच्या खात्यावर?

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कामगाराला पाळी संपल्यावरही यंत्रापाशी थांबावे लागले, तर त्या जादा तासांची नोंद होते आणि त्यांचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने रुजविलेले हे तत्त्व आज कोणी उघडपणे नाकारीत नाही. कंत्राटी कामगाराच्या पदरात ते कितपत पडते, हा प्रश्न निराळा. शिरूर तालुका ओलांडून भीमेच्या पलीकडे दौंडला यावे, तर तेथे रेल्वेचे मोठे जंक्शन. रेल्वे कर्मचाऱ्यांचे कामाचे तास १९८९ च्या रेल्वे कायद्याने बांधून दिले आहेत आणि मर्यादेपलीकडील कामाला तेथेही दुप्पट दर आहे. परंतु त्याच कारखान्याच्या फाटकाशी मध्यरात्री चोरीचा पंचनामा लिहीत बसलेला हवालदार, किंवा त्याच जंक्शनच्या फलाटावर बेवारस मृतदेहाची ओळख पटविण्यासाठी गाडीमागून गाडी धुंडाळणारा लोहमार्ग पोलीस, यांना जादा तास नाहीत. कारण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा कोणताच तास जादा नसतो. पोलीस अधिकारी हा सदैव कामावर आहे असे समजले जाईल, असे १८६१ च्या पोलीस कायद्याच्या २२ व्या कलमाने सांगितले आणि १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, जो आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो, त्याच्या २८ व्या कलमाने तेच पुन्हा सांगितले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलाविल्यास काही मोबदला देण्याची सोय आहे. पण तो दिवसाचा हिशेब झाला, तासांचा नव्हे.

हा केवळ पोलिसांच्या पगाराचा प्रश्न असता, तर तो वेतन आयोगांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु ज्या तासांचा हिशेब नाही, त्या तासांतच गुन्ह्यांचा तपास बसविलेला आहे. म्हणून ज्याची मोटार चोरीस गेली त्या शेतकऱ्याचा, ज्याचा भाऊ मारला गेला त्या घराचा आणि ज्याच्यावर नाहक संशय आला त्या तरुणाचाही याच्याशी जवळचा संबंध आहे.

पाश्चात्य देशांत सरकारला पोलिसांवरील खर्च कमी करावयाचा झाला, की पहिली कात्री बहुधा ओव्हरटाइमवर चालते, आणि ती कोठे लागली हे निदान दिसते. इंग्लंडात शिपाई व सार्जंट यांना पाळीनंतरच्या कामाबद्दल मूळ दराच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट मोबदला मिळतो. अचानक लांबलेल्या कामातील पहिला अर्धा तास मात्र बहुधा बिनपगारी. तेथील पोलीस त्याला थट्टेने ‘राणीचा अर्धा तास’ म्हणत आले. २०१० साली तेथील सरकारने पोलिसांच्या अनुदानात मोठी कपात जाहीर केली. पुढील आठ वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांची संख्या सुमारे २० हजारांनी घटली. २०१७ साली तेथील पोलीस निरीक्षण यंत्रणेने तपासी अधिकाऱ्यांच्या तुटवड्याला ‘राष्ट्रीय संकट’ असे नाव दिले. नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी आरोप ठेवण्यापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण २०१५ च्या सुमारास १५-१६ टक्के होते. ते २०२२ पर्यंत ६ टक्क्यांच्याही खाली आले. याला गुन्ह्यांच्या नोंदणीतील बदलांसारखी अन्य कारणेही आहेत. तरीपण तेथे पैसा कमी केला, तास कमी झाले, तपास कमी झाला, अशी साखळी जोडून विरोधी पक्षाला सरकारला जाब विचारता येतो.

आपल्याकडे तो जाब विचारण्याची सोयच नाही. जी रक्कम अंदाजपत्रकात कधी लिहिलीच गेली नाही, तिच्यात कपात झाल्याचे कोणी कसे दाखवावे? कारकून वर्गाला ही कपात ओळखीची आहे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्र सरकारने २०१८ साली काही वर्ग वगळता आपल्या कर्मचाऱ्यांचा अतिकालिक भत्ता बंद केला. परंतु निदान तो बंद झाल्याचा आदेश निघाला आणि त्यावर चर्चा झाली. पोलिसांच्या बाबतीत कपात रोज होते आणि तिच्यासाठी आदेश काढावा लागत नाही. शिक्षकांना मतदारयाद्या, जनगणना आणि सर्वेक्षणे यांच्या कामाला जुंपले, की फळ्यावरचा धडा मागे पडतो, हे आपण पाहतो. पोलीस ठाण्यात मागे पडणाऱ्या त्या धड्याचे नाव तपास.

तो मागे कसा पडतो, हे समजण्यासाठी या दोन तालुक्यांचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. एक जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभाच्या अभिवादनासाठी लाखोंचा समुदाय लोटतो. २०१८ साली त्या दिवशी कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या परिसरात जो हिंसाचार झाला, त्यानंतर दर वर्षी तेथील बंदोबस्ताची तयारी आधीचे अनेक दिवस चालते. फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपाशी गर्दी होते. ज्येष्ठ-आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी यवत आणि वरवंड येथे मुक्काम करीत दौंड तालुक्यातून जाते. भाद्रपदात रांजणगावचा महागणपती; शिवाय गावोगावची मंडळे, मिरवणुका आणि विसर्जने. ऊसदराचे आंदोलन, पाण्याच्या आवर्तनावरून रास्ता रोको, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. जिल्ह्यात इतरत्र काही घडले, की येथील माणसे तिकडे पाठविली जातात ती निराळीच. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत हे खरे. पण ते राज्यभरातील बंदोबस्तासाठी आहेत, दौंड ठाण्यातील फिर्यादी घेण्यासाठी नव्हेत.

यांपैकी कोणताही बंदोबस्त अनावश्यक आहे, असे म्हणणे नाही. प्रश्न एवढाच, की बंदोबस्ताला जाणारा हवालदार आणि चोरीचा तपास करणारा हवालदार ही दोन माणसे नाहीत. पालखी यवतहून वरवंडकडे निघाली, की तिच्यासोबत त्याला चालावेच लागते. बंदोबस्त पुढे ढकलता येत नाही, मंत्र्यांची मोटार थांबविता येत नाही, समन्स बजावले नाही तर न्यायाधीश विचारतात. तपास मात्र पुढे ढकलता येतो, आणि तो ढकलल्याचे त्या दिवशी कोणाच्याच लक्षात येत नाही.

एका साध्या चोरीचेच उदाहरण घ्यावे. शिरूर तालुक्यात घोड आणि चासकमानचे पाणी, दौंडमध्ये मुठा उजवा कालवा आणि दोहोंमध्ये भीमा. यामुळे नदीकाठाला आणि विहिरींवर पाण्याच्या मोटारी पसरलेल्या आहेत. मोटार, केबल, रोहित्रातील तांब्याची तार यांच्या चोऱ्या हे येथील शेतकऱ्याचे जुने दुखणे. वर्तमानपत्रांत अशा बातम्या चार ओळींच्या येतात. पण ऐन उन्हाळ्यात आठ दिवस पाणी बंद पडले, तर उभे पीक जाते. अशा गुन्ह्याच्या तपासाला अलौकिक बुद्धी लागत नाही, वेळ लागतो. जागेवर जाऊन पंच मिळवावे लागतात. शेजारच्या वस्तीवर चार वेळा जावे लागते, कारण पहिल्या भेटीत कोणी बोलत नाही. भंगारवाले आणि मोटार दुरुस्तीची दुकाने पालथी घालावी लागतात. पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्याआधी तेथे पोचावे लागते. नदीपलीकडे दुसऱ्या ठाण्याची किंवा दुसऱ्या जिल्ह्याची हद्द लागली, तर तेथील माणसांशी जुळवून घ्यावे लागते. या प्रत्येक पायरीला फार तर काही तास लागतात. पण ते पहिल्या चार-पाच दिवसांतच मिळावे लागतात. त्या दिवसांत हवालदार बंदोबस्ताला असला, तर नंतर त्याला महिनाभर मोकळीक देऊनही उपयोग होत नाही. मग यथावकाश ‘गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही’ अशा अर्थाचा अहवाल जातो आणि कागद बंद होतो.

वेळ दिला तर काय होते, याचे उदाहरणही याच भीमेकाठी आहे. जानेवारी २०२३ मध्ये दौंड तालुक्यातील पारगावजवळ नदीच्या पात्रात काही दिवसांच्या अवधीत एकाच कुटुंबातील सात जणांचे मृतदेह सापडले. त्यांत लहान मुलेही होती. प्रथमदर्शनी सर्वांचा समज सामूहिक आत्महत्येचा झाला. तसा समज होऊन प्रकरण तेथेच मिटले असते, तरी फारसे कोणी हरकत घेतली नसती. मजुरीसाठी हिंडणारे ते कुटुंब, त्याच्यामागे कोण उभे राहणार? परंतु पुणे ग्रामीण पोलिसांनी शोध चालू ठेवला, खुनाचा गुन्हा नोंदविला आणि मृतांच्याच नात्यातील पाच जणांना अटक केली. सूडाचा हेतू असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. आरोपींचा न्याय न्यायालयाने करावयाचा. येथे मुद्दा तपासाचा आहे. पहिला सोपा निष्कर्ष बाजूला ठेवून दुसरा पडताळून पाहण्यासाठी अनेक माणसांचे अनेक दिवस खर्च झाले असणार. तसे ते खर्च झाले, कारण प्रकरण मोठे होते आणि राज्याचे लक्ष तेथे लागलेले होते. एखाद्या विहिरीत सापडलेल्या एकट्या बाईच्या वाट्याला तेवढे दिवस येतात का, असे विचारले तर उत्तर देणे अवघड होईल.

वेळेच्या टंचाईचा आणखी एक परिणाम आहे आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो. ज्याला साक्षीदार शोधण्यास सवड नाही, त्याला कबुली मिळविण्याचा मोह होतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही; जुन्या साक्षीपुरावा कायद्याचे ते २५ वे कलम होते, नव्या अधिनियमात ते २३ वे झाले. इंग्रज अंमलातील कायदेकर्त्यांनीदेखील येथील ठाण्यांत काय चालते हे ओळखून ती तरतूद केली होती. तरीही कोठडीतील मारहाण थांबली नाही, याचे सारे खापर पोलिसांच्या स्वभावावर फोडणे सोयीचे आहे. सोळा तासांनी थकलेला माणूस, वरून ‘उद्या सकाळपर्यंत उलगडा पाहिजे’ असा निरोप आणि समोर एक गरीब संशयित, ही मांडणी अत्याचाराला आमंत्रण देणारीच आहे. त्यामुळे मारहाणीचा गुन्हा क्षम्य ठरत नाही. पण त्याला पोसणारी व्यवस्था नजरेआडही करता येत नाही.

हे सर्व नव्याने उजेडात आले आहे, अशातला भाग नाही. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मधील आपल्या पहिल्याच अहवालात पोलीस शिपायाची स्थिती आणि त्याचे कामाचे तास हा विषय हाताळला होता. पुढे २०१४ साली पोलीस संशोधन व विकास ब्यूरोसाठी झालेल्या देशव्यापी अभ्यासात असे आढळले, की ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून अधिक काम करतात. आपली माणसे ११ तास किंवा त्याहून अधिक कामावर असतात, असे ६८ टक्क्यांहून अधिक ठाणेप्रमुखांनी सांगितले. महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी घेता येत नाही, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ७३ टक्क्यांच्या पुढे होते. आठ तासांच्या पाळ्या लावावयाच्या तर ठाण्यांची मंजूर संख्या जवळजवळ पावणेदोन पट करावी लागेल, असा त्या अभ्यासाचा हिशेब होता. म्हणजेच जवळजवळ पाऊण पट माणसांचे काम सरकार आहे त्याच माणसांकडून फुकट करवून घेत आहे.

याविरुद्ध पोलिसाने बोलावे कोठे? १९६६ च्या कायद्याने त्याच्या संघटना स्वातंत्र्यावर मर्यादा घातल्या आहेत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला, सैन्य बोलवावे लागले आणि पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली. शिस्तीच्या दलाने रस्त्यावर उतरणे कोणालाही मान्य होणार नाही. मात्र गाऱ्हाणे मांडण्याची वाट बंद केल्यावर ते गाऱ्हाणे आपण होऊन ऐकण्याची जबाबदारी सरकारवर दुप्पट येते, हे त्यानंतरच्या चार दशकांत विसरले गेले.

दरम्यान तपासावरील अपेक्षा मात्र वाढत गेल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आवश्यक केले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद केली असून तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीस कळवावी लागते. आरोपी कोठडीत असेल तर ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले पाहिजे, नाही तर तो जामिनाला हक्कदार ठरतो. यांतील प्रत्येक तरतूद स्वागतार्ह आहे. प्रत्येक तरतूद काही तास मागते, हेही तितकेच खरे. ते तास कोठून आणावयाचे, याविषयी संहिता मौन बाळगते. महाराष्ट्र सरकारने २०२२ साली पोलीस नाईक हे पद रद्द करून हवालदार व सहायक उपनिरीक्षकांची पदे वाढविली. तपास करू शकणाऱ्यांची संख्या वाढावी हा त्यामागील एक हेतू होता. अधिकार वाढला, खांद्यावरची फीत बदलली, पण माणूस तोच आणि त्याचा दिवसही चोवीस तासांचाच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी तपासाचे काम कायदा व सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळे करण्याचा आदेश दिला, तो याच दुखण्यावरचा उपाय होता. परंतु सुरुवात दहा लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांपासून करावी आणि पुढे क्रमाने लहान गावांकडे जावे, असे त्यात म्हटले होते. २०११ च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके प्रत्येकी पावणेचार लाखांच्या घरात होते. दोन अख्खे तालुके एकत्र केले तरी दहा लाख भरत नाहीत! ‘पुढे क्रमाने’ या दोन शब्दांत तालुक्याचा नागरिक किती वर्षे उभा राहणार? जिल्ह्याला स्थानिक गुन्हे शाखा आहे आणि ठाण्यात गुन्हे प्रकटीकरणाचे पथकही असते, हे खरे. पण पहिली मोठ्या प्रकरणांमागे धावते, आणि दुसऱ्यातील माणसे बंदोबस्ताच्या यादीतून सुटतातच असे नाही.

प्रयोग झाले नाहीत असे नाही. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका शिपायाने मांडली होती आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली, ही दोन्ही बाजूंना भूषणावह गोष्ट. पुढे मुंबईतील इतर ठाण्यांतही ती पद्धत नेण्यात आली. पण माणसे अपुरी पडली की ती डळमळते, असाच अनुभव आहे. महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांचे काम ठरविण्याचा निर्णय राज्यभर लागू करण्यापूर्वी ज्या थोड्या ठिकाणी तो राबविला गेला, त्यांत पुणे ग्रामीण होते. तेव्हा शिरूर-दौंडच्या पोलिसांना तासांचा हिशेब ही कल्पना अगदीच परकी नाही.

जादा तासांना मोबदला दिला, तर त्याचा गैरवापर होईल. कामे मुद्दाम रेंगाळतील, खोट्या नोंदी होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. परदेशात असे प्रकार घडले आहेत. परंतु गैरवापराच्या भीतीने आपण कारखान्यांतील ओव्हरटाइम रद्द केला नाही, त्यावर देखरेख बसविली. दुसरा आक्षेप पैशाचा. राज्याच्या तिजोरीवरील ताण खरा आहे आणि पोलीस खात्याचा बहुतेक खर्च वेतनावरच जातो, हेही खरे. म्हणून सर्व पोलिसांच्या सर्व तासांना दुप्पट दर द्या, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. मात्र दोन तालुक्यांतील ठाण्यांत, केवळ तपासाच्या कामासाठी, एक वर्षापुरती तरतूद करून पाहण्यास तिजोरी रिकामी होणार नाही. प्रत्येक ठाण्यातील चार-सहा माणसे फक्त तपासासाठी राखून ठेवावीत. त्यांना बंदोबस्ताला पाठवावयाचे झाल्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांची लेखी परवानगी लागावी, आणि मर्यादेपलीकडील तासांना मोबदला व प्रवासखर्च मिळावा. आज फिर्यादीनेच मोटारीची व्यवस्था करावी किंवा हवालदाराने खिशाला चाट लावावी, अशी वेळ अनेकदा येते. त्या दोहोंतून जो मिंधेपणा जन्मतो, त्याची किंमत कोणत्याही भत्त्याहून जास्त आहे.

या कामासाठी नवे खाते काढण्याची किंवा समिती नेमण्याचीदेखील गरज नाही. प्रत्येक ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण किती वाजता कोणत्या कामासाठी बाहेर पडला आणि किती वाजता परतला, याच्या नोंदी तीत होत असतात. बंदोबस्त कोणता, समन्स कोणते आणि तपास कोणता, हेही त्यांत असते. पोलिसांचे तास गेली कित्येक दशके असे लिहिले जात आहेत. त्यांची बेरीज मात्र कोणी मागितलेली नाही. शिरूर, रांजणगाव, शिकरापूर, दौंड आणि यवत या पाच ठाण्यांच्या डायऱ्यांतील एका वर्षाच्या नोंदींची कामवार बेरीज जिल्ह्याच्या कार्यालयाने करावी आणि येथील आमदारांनी ती पुढच्या अंदाजपत्रकाच्या अधिवेशनात गृहखात्याच्या मागण्यांवरील चर्चेत सभागृहापुढे ठेवावी. वर्षभरात बंदोबस्ताला किती तास गेले आणि तपासाला किती उरले, हे दोन आकडे एकदा इतिवृत्तात आले, म्हणजे त्यांवर मत देणे प्रत्येक सदस्याला भाग पडेल.